मुलाला स्वावलंबी करायचे आहे, घरातला कर्ता नव्हे

मैत्रेयी (धागाकर्ती):

सर्व सदस्यांना नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत नोकरी करते. घटस्फोटानंतर मुलगा माझ्याकडे राहतो. तो आता पाचवीत आहे आणि घरात आम्ही दोघेच आहोत. मुलांना स्वावलंबी कसे करावे यावर पुष्कळ लिहिले जाते, परंतु त्यातले बहुतेक लेखन घरात दोन मोठी माणसे आहेत, निदान आजी तरी आहे, असे धरून चालते. जिथे मोठे माणूस एकच आहे आणि तेही दिवस मावळल्यावर घरी येते, तिथे स्वावलंबन ही निव्वळ चांगली सवय राहत नाही. त्यावर घर चालते, आणि म्हणूनच ते घाईने शिकवले जाण्याची भीती असते.

आमच्या घरी एका वेळी एकच काम शिकायला घेतो. प्रथम ते मी करते आणि तो पाहतो, मग तो करतो आणि मी शेजारी उभी राहते, त्यानंतर मी दुसऱ्या खोलीत असते, आणि अगदी शेवटी मी घरात नसताना तो ते काम करतो. यातला दुसऱ्या खोलीचा टप्पा सर्वांत लांब चालतो आणि तो आखूड करू नये असे माझे ठाम मत आहे. स्वयंपाकाची सुरुवात आम्ही विस्तवाशिवाय केली: काकडीची कोशिंबीर, ताक, डाळ-तांदूळ निवडून धुणे, कणीक मळणे. शेगडी पेटवण्याआधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करता आला पाहिजे, गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात न लावता दारे-खिडक्या उघडून बाहेर पडायचे हे ठाऊक असले पाहिजे, आणि कुकरची वाफ आपोआप उतरेपर्यंत झाकण उघडायचे नाही हे अंगवळणी पडले पाहिजे, हा क्रम मी सोडला नाही. आता तो मुगाच्या डाळीची खिचडी लावतो. फोडणी मात्र अजून माझ्याकडे आहे, कारण तेल किती तापले याचा अंदाज सांगून येत नाही.

पैशांच्या बाबतीतही हेच धोरण आहे. दहा वर्षांवरील मुलांना बचत खाते स्वतः चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये बँकांना दिली, तिचा लाभ घेऊन मी त्याचे खाते उघडले. भरणा चलन आणि पैसे काढण्याची पावती तो स्वतः भरतो. माझ्या खिडकीसमोर रोज असे कर्ते पुरुष येतात ज्यांना ही पावती भरता येत नाही आणि ते विचारायलाही संकोचतात, त्यामुळे या साध्या गोष्टीचे मोल मला जास्त वाटत असेल.

इथपर्यंत माझ्या मनात गोंधळ नाही. खरा प्रश्न पुढचा आहे. घरी येणारे नातेवाईक, तेही प्रेमाने, त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगतात, “आता तूच घरातला कर्ता, आईला सांभाळ.” तो हे फार गंभीरपणे ऐकतो. मला हे घातक वाटते. स्वतःचे ताट धुणे, दप्तर भरणे, घरकामातला आपला वाटा उचलणे हे स्वावलंबन झाले, परंतु आईची काळजी, कर्जाचा हप्ता, आईचा एकटेपणा आणि घरातले निर्णय यांचे ओझे मुलाने वाहणे याला स्वावलंबन म्हणता येणार नाही. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही प्रकारची मुले सारखीच शहाणी दिसतात, म्हणूनच ही गल्लत लवकर लक्षात येत नाही.

घरच्या आर्थिक अडचणी मुलाला किती सांगाव्यात? “कर्ता” म्हणणाऱ्यांना काय उत्तर द्यावे? आणि मला काही झाले तर त्याचे काय, या विचाराची व्यवस्था कशी लावावी? ज्यांनी असे घर चालवले आहे आणि जे अशा घरात वाढले आहेत, त्या दोघांचेही म्हणणे ऐकण्याची इच्छा आहे.


कोयनाकाठ:

मैत्रेयीताई, मी दुसऱ्या गटातली आहे. वडील गेले तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. आई अंगणवाडी सेविका होती आणि तिच्या मानधनात आम्ही दोघी बहिणी वाढलो.

आर्थिक अडचणी मुलांना सांगू नयेत, हे मला पटत नाही. मुलांना त्या कळतातच. किराणा दुकानदाराच्या आवाजात फरक पडला की कळतात, शेजारणींच्या बोलण्यातून कळतात, आणि बाहेरून कळलेली अडचण खऱ्या अडचणीपेक्षा मोठी वाटते. आई आम्हाला जे ठरलेले असे ते सांगत असे: या वर्षी नवा गणवेश एकच येईल, सहलीला एकीलाच जाता येईल आणि ती धाकटी असेल. जे अजून ठरायचे असे, म्हणजे शेत विकावे की नाही किंवा उसने कोणाकडून घ्यावे, ते ती मामाशी बोलत असे. ठरलेली गोष्ट ऐकताना वाईट वाटले तरी रात्रीची झोप गेली नाही, कारण ती आम्हाला सोडवायची नव्हती.

एक गोष्ट मात्र आमच्या घरी शिकवली गेली नाही, आणि ती शिकवा असा माझा आग्रह आहे. आम्हाला सर्व कामे येत होती, पण मदत मागता येत नव्हती. वसतिगृहात ताप अंगावर काढणे, शिक्षकांना शंका न विचारणे, कोणाचे उपकार नकोत म्हणून कोणाच्या गाडीवर मागे न बसणे, याचे सगळीकडे कौतुक झाले आणि त्या कौतुकाने ती सवय आणखी पक्की झाली. एकल आई स्वतः कोणापुढे हात पसरत नाही, हे मूल रोज पाहत असते. म्हणून त्याच्या देखत शेजारच्या काकूंकडे वाटीभर साखर मागा, गॅसचे सिलिंडर आत आणायला कोणालातरी हाक मारा, आणि पुढे त्यांच्याही उपयोगी पडा. कोणते काम आपले आपण करायचे आणि कोणत्या वेळी हाक मारायची, हे ओळखता येणे मला स्वयंपाकापेक्षा महत्त्वाचे वाटते.


खडू-फळा:

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. धागाकर्तींनी दाखवलेला फरक वर्गात रोज दिसतो, पण मुलगा आणि मुलगी यांच्या बाबतीत तो वेगळ्या रूपात दिसतो, हे या चर्चेत यायला हवे.

मुलगा भाकरी थापू लागला की त्याचे नाव गावभर होते. एकल आईच्या घरातली थोरली मुलगी मात्र नववे-दहावे वर्ष लागताच धाकट्या भावंडांची दुसरी आई होते आणि त्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, काही मुली आठवडी बाजाराच्या दिवशी हमखास गैरहजर असतात. आई भाजी घेऊन बाजारात बसते आणि घरी तान्हे मूल असते. हजेरीपटावर हे नियमित अंतराने पडलेले खाडे दिसले की घरी काय चालले आहे ते विचारायला आम्हाला वेळ लागत नाही. त्या मुलीला सगळे येते, परंतु तिचा अपूर्णांकाचा धडा ज्या दिवशी झाला त्या दिवशी ती शाळेत नव्हती. एखाद्या कामामुळे मुलाची शाळा, झोप किंवा खेळ सुटत असेल तर ते काम मुलाचे नाही, इतकी साधी कसोटी मी पालकसभेत सांगते. तिथे आईला दोष देऊन काही साधत नाही. शेजारच्या अंगणवाडीत धाकट्याची सोय लावता आली की प्रश्न अर्धा सुटतो, म्हणून आम्ही तिथून सुरुवात करतो.

शाळांनीही स्वतःकडे पाहायला हवे. “उद्या वडिलांना घेऊन ये” हे वाक्य अजून अनेक शिक्षकांच्या तोंडात आहे. राज्य सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर बालकाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम ठरवला, हे चांगलेच झाले, पण ती मुले शाळेत यायला अजून अवकाश आहे. तोवर मुलाला आपल्या घराविषयी एक सरळ वाक्य बोलता आले पाहिजे: “मी आईजवळ राहतो, सही आई करेल.” हे वाक्य घरी मोठ्याने म्हणून पाहिलेले मूल वर्गात मान खाली घालत नाही.


निवृत्त पोस्टमन:

माझी मुलगी नातवासह आमच्याकडे राहते. आजी-आजोबांना एवढेच सांगावेसे वाटते की “बिचारे पोर” हे शब्द त्याच्यासमोर उच्चारू नयेत. दया आली की आपण त्याच्या बुटाची नाडीही बांधू लागतो, आणि मग आई शिस्त लावू लागली की ती दुष्ट ठरते. घरात नियम आईचा चालेल, हे आम्ही दोघांनी पहिल्याच महिन्यात ठरवले. “कर्ता” म्हणणाऱ्या पाहुण्यांना मी तिथल्या तिथे सांगतो, “कर्ती त्याची आई आहे, त्याला शाळा शिकू द्या.” हे उत्तर आईने देण्यापेक्षा घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने दिलेले जास्त लागू पडते.


सनद:

मी दिवाणी व कौटुंबिक न्यायालयांत वकिली करते. स्वावलंबनाच्या चर्चेत कायद्याचे काय काम, असे वाटेल, परंतु ज्या आईला स्वतःच्या अधिकारांची खात्री नाही ती प्रत्येक अर्जासमोर चाचरते आणि मूल ते पाहत असते.

हिंदू अज्ञानत्व (म्हणजे अल्पवयीनत्व) व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि त्यांच्यानंतर आई असा उल्लेख आहे. १९९९ मध्ये गीता हरिहरन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की त्यासाठी वडिलांचा मृत्यू झालेला असण्याची गरज नाही. ते मुलाच्या जीवनातून प्रत्यक्षात अनुपस्थित असतील तर आई त्यांच्या हयातीतही पालक म्हणून काम करू शकते. २०१५ मध्ये त्याच न्यायालयाने अविवाहित मातेला, मुलाच्या वडिलांना नोटीस न देता, पालकत्व मागता येते असा निर्णय दिला. पारपत्राच्या अर्जात आई किंवा वडील यांपैकी एकाचे नाव पुरेसे असल्याची घोषणा डिसेंबर २०१६ मध्ये झाली. आई एकल पालक असल्यास पॅन कार्डासाठी वडिलांचे नाव ५ डिसेंबर २०१८ पासून बंधनकारक राहिलेले नाही. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला हे माहीत नसेल तर आवाज न चढवता नियमाची छापील प्रत पुढे ठेवावी.

सर्वांत अवघड कागद म्हणजे जातीचा दाखला. पडताळणीत अजूनही पुरावे वडिलांकडच्या नातेवाइकांचे मागितले जातात: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचे. आंतरजातीय विवाहातील अपत्याची जात वडिलांचीच असे आपोआप धरता येणार नाही, मूल कोणाजवळ व कोणत्या परिस्थितीत वाढले हेही पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितले आहे, पण प्रत्येकीने तेवढी लढाई लढावी अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. म्हणून संबंध अगदीच तुटण्यापूर्वी आजोबांच्या, काकांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यांच्या प्रती मिळवून ठेवा. बारावीनंतर प्रवेशाच्या धावपळीत त्या मिळत नाहीत.

आता ज्या मुद्द्यावर मी अनेक अशिलांशी वाद घालते तो मांडते. “मला त्याचा एक पैसाही नको, मी माझ्या हिमतीवर मूल वाढवीन,” असे सांगून पुष्कळ स्त्रिया मुलाच्या पोटगीचा अर्जच करत नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४, जे पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ होते, त्यात मुलाचा हक्क आईच्या हक्काहून स्वतंत्र आहे. स्वतःचा हक्क सोडायचा असेल तर सोडा, परंतु मुलाच्या वाट्याचे शिक्षण आपल्या स्वाभिमानापायी सोडण्याचा अधिकार आपल्याला नाही.


मैत्रेयी (धागाकर्ती):

सर्वांचे मनापासून आभार. कोयनाकाठ यांनी सांगितलेला ठरलेल्या आणि ठरायच्या गोष्टींमधला भेद मला लगेच उपयोगी पडेल. आजोबांचे उत्तरही मी माझ्या थोरल्या भावाला पाठवले आहे, म्हणजे पुढच्या सणाला ते त्याच्या तोंडून येईल.

सनद यांच्याशी मी पोटगीबाबत पूर्ण सहमत आहे, मात्र त्याला जोडून एक पथ्य सांगावेसे वाटते. भेटीच्या दिवशी मुलाच्या हाती निरोप देऊ नये. “बाबांना विचार, फी कधी भरणार,” हे वाक्य म्हणायला सोपे असते, पण त्यामुळे दहा वर्षांचे मूल वसुलीला निघाल्यासारखे होते आणि वडिलांबरोबरची त्याची दुपार नासते. पैशांचे बोलणे मोठ्यांनी लेखी करावे. तसेच भेटीहून परतल्यावर उलटतपासणी करू नये. त्याने जे सांगितले ते ऐकावे आणि जे सांगितले नाही ते त्याचे असू द्यावे. स्वतःपुरते काही राखून ठेवता येणे हेही त्याच्या वाढीतच येते असे मी मानते.


पांढरं सोनं:

मी यवतमाळ जिल्ह्यात महिला शेतकऱ्यांसोबत काम करते. यांतल्या अनेकींच्या नवऱ्यांनी आत्महत्या केल्या आहेत. येथली चर्चा मन लावून वाचली, पण दुसऱ्या खोलीत उभे राहून शिकवण्यासाठी दुसरी खोली आणि मोकळी संध्याकाळ लागते, हे नम्रपणे नोंदवते. पहाटे मजुरीला गेलेली बाई संध्याकाळी सरपण घेऊन परतते. तिचे मूल शिकवल्यावाचून सगळे शिकते, आणि त्यात जे शिकू नये तेही शिकते. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात कीटकनाशकाच्या फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. तरीही पाठीवर पंप घेतलेला चौदा वर्षांचा मुलगा दिसला की गाव त्याला “जबाबदार पोरगा” म्हणते. त्या कौतुकाला आम्ही बैठकीत उघड विरोध करतो.

अशा घरांत आधी आईच्या पायाखाली जमीन लागते, आणि हे मी अक्षरशः म्हणत आहे. नवरा गेल्यावर वारस नोंद करून सातबाऱ्यावर तिचे व मुलांचे नाव लागले नाही, तर पीककर्जापासून विम्यापर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी ती दिराच्या सहीवर अवलंबून राहते. त्याचबरोबर क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना पाहावी. एक पालक गमावलेली किंवा घटस्फोटामुळे एकाच पालकाकडे असलेली मुलेही तिच्यात पात्र ठरू शकतात, आणि २०२३ पासून दरमहा २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करावा लागतो. हे पैसे घेण्यात कमीपणा मानणाऱ्या आया मला नेहमी भेटतात. त्यांना मी सांगते की मुलीला सायकल चालवता येण्यासाठी आधी सायकल असावी लागते.

आणखी एक गोष्ट. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने त्याच महिन्यात इतर गावांनाही तसे आवाहन केले. हे मुलांच्या वाढीशी थेट जोडलेले आहे. आई लग्नात मागच्या खोलीत बसते, हळदीकुंकवाला तिला बोलावणे येत नाही, आणि तिची मुलगी हे सगळे पाहते. अशा मुलीला धीट हो म्हणून सांगण्यापेक्षा आईने मांडवात पुढच्या रांगेत बसणे जास्त परिणाम करते. आमच्या गटातल्या बाया एकमेकींना हळदीकुंकवाला बोलावतात आणि मुलींना आवर्जून सोबत नेतात.


जुनी पाने:

या निमित्ताने पंडिता रमाबाईंची आठवण होते. १८८२ मध्ये पती वारले तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. तिला घेऊन त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. मुलीच्या सांभाळात त्यांना तिथल्या ख्रिस्ती मठातल्या भगिनींची मदत घ्यावी लागली, तरीही मुलीला काय शिकवले जावे हे आई ठरवील, हा आग्रह त्यांनी पत्रव्यवहारात सोडला नाही. मदत घेऊनही निर्णय आपल्या हाती ठेवता येतो, हे कोयनाकाठ यांच्या मुद्द्याला जोडून पाहावे. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या शारदा सदनापासून पुढे केडगावच्या मुक्ती मिशनपर्यंत आईने उभारलेल्या कामात मनोरमाबाईंनी स्वतःला वाहून घेतले, आणि १९२१ मध्ये त्या आईच्या आधी गेल्या. त्यांचे कर्तृत्व मोठेच आहे. तरीही आईचे ध्येय इतके प्रखर असते तेव्हा मुलीला स्वतःची वेगळी वाट निवडायला किती जागा उरते, असा प्रश्न मला पडतो. कष्ट करून मूल वाढवणाऱ्या प्रत्येक आईने तो विचारात घ्यावा.


सनद:

मैत्रेयीताईंचा शेवटचा प्रश्न अनुत्तरित राहिला होता, म्हणून पुन्हा लिहिते. आपल्यानंतर मुलाचे काय, याची व्यवस्था आईच्या परिस्थितीनुसार बदलते. विधवा आईला १९५६ च्या अधिनियमाच्या कलम ९ खाली मृत्युपत्राने पालक नेमता येतो. मात्र वडिलांनी स्वतःच्या मृत्युपत्राने आधीच कोणाला नेमले असेल तर काय, हे वकिलाकडून तपासून घ्यावे. वडील हयात असताना, ते पालक म्हणून काम करण्यास अपात्र ठरलेले असतील तरच आईला हा अधिकार मिळतो. घटस्फोटाने वडील आपोआप अपात्र होत नाहीत. त्यामुळे मैत्रेयीताईंच्या बाबतीत मृत्युपत्रात मामाचे नाव लिहिले तरी वडिलांचा दावा संपणार नाही. परंतु मुलाचे हित कशात आहे हे न्यायालय पाहते, आणि मूल कोणाकोणाच्या सहवासात वाढले, त्याची शाळा कुठे आहे, तुमची इच्छा काय होती, याची लेखी नोंद तिथे विचारात घेतली जाऊ शकते.

पैशांची बाजू तुलनेने सोपी आहे. विमा पॉलिसीत अल्पवयीन मुलाचे नामनिर्देशन करताना त्याच्या वतीने रक्कम स्वीकारणाऱ्या प्रौढ व्यक्तीचे नाव लिहावे लागते. तो रकाना रिकामा राहिला असल्यास आजच भरून घ्या. नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे वारस नव्हे, म्हणून मृत्युपत्र वेगळे करा. त्याला दोन साक्षीदार पुरतात आणि नोंदणी सक्तीची नसली तरी करून घेणे चांगले. त्या साक्षीदारांना मृत्युपत्रातून काही देऊ नका. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, मुलाचा जन्मदाखला, पॉलिसी आणि ठेवींच्या पावत्या एकाच फाइलमध्ये ठेवा आणि ती कुठे आहे हे भावाला सांगा. मुलाला पंधराव्या वर्षी आधारचे बोटांचे ठसे पुन्हा द्यावे लागतीलच, त्या वेळी ही फाइल त्याच्यासोबत उघडून प्रत्येक कागद कशासाठी आहे ते दाखवा. त्याआधी त्याला फक्त मामाचा दूरध्वनी क्रमांक आणि १०९८ ही बालकांची मदतवाहिनी पाठ असली तरी पुरे.